तापट अंगाचं अत्तर

कडावात जगदीशला शोधायचं असेल तर घोळक्याच्या कडेला बघायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भजनाला तो दारातल्या चपलांपाशी बसे. टेंपोत पुढची जागा रिकामी असली तरी मागे उघड्यावर उभा राही. बारशाला गेला तर पाळण्यात लांबूनच डोकावे, झबल्याचा पुडा दुसऱ्या कुणाच्या हातात देई आणि पेढा घेऊन बाहेर पडे. नवख्या माणसाला वाटे, काय शिष्ट माणूस आहे. शिष्ट कसला? त्याच्याइतका मऊ माणूस त्या गावात दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. आपल्या अंगाला वास येतो, हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

वास कशाचा, तर कंपनीचा. मिसरूड फुटायच्या वयात तो रसायनीला एका कारखान्यात लागला आणि मिशा पिकेपर्यंत तिथेच राहिला. मोठमोठ्या भांड्यांत काहीबाही उकळायचं, त्याची वाफ नळीवाटे काढून थंड करायची आणि उतरेल ते गोळा करायचं, हे त्याचं काम. कामात तो चोख होता. पण पाळी संपवून घरी आला की आधी मागच्या दारी उभा राही. त्याची बायको रोहिणी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवी. तिने कधी नाक मुरडलं नाही, पण बादली वेगळीच ठेवली, आणि जगदीशने ती बादली तेवढी लक्षात ठेवली.

त्याचा थोरला भाऊ दशरथ शेती बघायचा. अंगण एकच, घरं दोन. दशरथला जन्मात कधी नोकरीची पायरी चढावी लागली नव्हती, त्यामुळे नोकरदारांची टिंगल करायचा हक्क आपल्याकडे आहे असं त्याला वाटे. एका गणपतीत सगळी भावकी आरतीला जमली असताना जगदीश आत आला, तसा दशरथ मोठ्याने म्हणाला, “कंपनी आली रं, खिडक्या उघडा.” सगळे हसले. जगदीशही हसला. पण हसता हसता तो जो मागे सरकला, तो कायमचाच. त्या दिवसापासून भावकीत त्याचं नाव ‘कंपनी’ पडलं. दशरथच्या मनात वाईट काही नव्हतं, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. होतं. थोडंसं का होईना, होतं.

पुढे कारखाना बंद झाला आणि जगदीश घरी बसला. घरी बसून माणूस एक तर आजारी पडतो, नाहीतर काहीतरी खटपट काढतो. जगदीशने खटपट काढली. वरच्या ठाकरवाडीतला जैतू हा त्याचा जुना मित्र. तो रानातून डिंक, मध, हिरडे आणून बाजारात विकायचा. एका गुरुवारी त्याने सालईच्या डिंकाचे खडे आणून दिले. रोहिणीने ते उदाबरोबर निखाऱ्यावर टाकले आणि घरभर देवळाचा वास भरला. जगदीश त्या धुरात बराच वेळ उभा राहिला. मग त्याच्या मनात आलं, धूर उडून जातो, पण वाफ धरता येते, आणि वाफ धरायचं काम तर आपण आयुष्यभर केलं.

रोहिणीचा मोठा कुकर गेला तो त्या दिवशी. शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसली आणि नळी थंड ठेवायला पाण्याचं पिंप आलं. शेताच्या बांधावरचा नागरमोथा, परसातला वाळा, जैतूचा डिंक, दुकानातला ऊद, असं करत करत, निम्मं वाया घालवत, त्याने एक अत्तर उतरवलं आणि चंदनाच्या तेलात मुरवलं. बाटली उघडली की आधी लिंबाच्या सालीसारखा हलका, आंबूस वास यायचा. मग धूप यायचा. आणि खाली, अगदी तळाशी, शेणाने सारवलेल्या गार जमिनीसारखं काहीतरी शांत. रोहिणीने मनगटाला लावलं आणि संध्याकाळपर्यंत ती आपलाच हात हुंगत फिरली. तिच्या अंगावर ते असं काही फुललं की शेजारणी तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात शिरल्या.

मग जगदीशने स्वतःला लावून बघितलं. थोडा वेळ ठीक होतं. अंग तापलं आणि त्याच अत्तराला रस्त्यावर उकळणाऱ्या डांबराचा वास यायला लागला, वर करपलेल्या गुळाचा. त्याने हात धुतला, परत लावलं, परत डांबर. त्याला आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. इतकी वर्षं कंपनी अंगात मुरली होती, ती कुठे जाणार? त्याने बाटलीचं बूच लावलं आणि ठरवलं की हे अत्तर आपल्यासाठी नाही, दुसऱ्यांसाठी आहे.

पण बनवणाऱ्याला स्वतःचं अंग वापरता येत नसेल तर त्याने पारख कशावर करायची? जगदीशने सगळं गाव वापरलं. सकाळी हाताला लावून द्यायचं, माणसाने आपल्या कामाला जायचं आणि संध्याकाळी हात दाखवायला यायचं. बायकांची मनगटं हुंगत फिरला असता तर गावाने त्याला वेगळ्याच कारणासाठी ओळखलं असतं, म्हणून ते काम रोहिणीकडे आलं. ती हुंगायची आणि येऊन सांगायची. दूध घालणाऱ्या अंबूबाईच्या हातावर त्या अत्तराची खीर होत होती, नैवेद्याच्या ताटातली, आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत होती. टेंपोवाल्या गजाच्या हातावर दिवसभर डिझेलच वर असायचं, पण संध्याकाळी तोंड धुऊन पारावर बसला की डिझेलखालून हळूच देऊळ वर यायचं. जैतूच्या अंगावर तर अत्तर लावलंय की नाही तेच कळेना. तो म्हणाला, आमच्या अंगाला हाच वास असतो, तुम्ही नवीन काय लावलंत?

कर्जतला बाजारात अप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. अप्पा भिसेगावात राहणारे, काटक, कोरड्या अंगाचे गृहस्थ. त्यांच्या मनगटावर अत्तर रुसलेल्या जावयासारखं गप्प बसलं आणि दुपारच्या जेवणानंतर एकदम बोलायला लागलं. अप्पा खूश झाले. त्यांनी बाटल्या दुकानात ठेवल्या. गिऱ्हाईक आलं की ते बाटली विकण्याआधी हाताला लावून बाजारात एक चक्कर मारून या म्हणायचे. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे मुंबईकर एक नेत आणि पुढच्या वेळी चार मागत. उदाचं अत्तर म्हटलं की कर्जतपासून खालापूरपर्यंत लोक जगदीशचं नाव घ्यायला लागले.

आणि हा गडी अजूनही चपलांपाशीच. अत्तरवाल्याच्या अंगाला अत्तर नाही, याची लोकांना गंमत वाटे. दशरथ तर हाताला लावूनच घेत नसे. कंपनीचं पाणी मी अंगाला लावायचा नाय, असं तो चारचौघांत सांगायचा.

जगदीशला एकच मुलगी, रुचिता. पनवेलला नर्सिंग शिकली आणि तिथेच एका दवाखान्यात लागली. आजाऱ्यांना वासाचा त्रास होतो म्हणून दवाखान्यात अत्तर लावायची मुभा नव्हती. त्यामुळे बापाचं अत्तर दोन तालुके हिंडून आलं तरी लेकीच्या अंगाला कधी लागलं नाही. सुटीला आली की ती बाटली उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि बूच लावायची. तिचं लग्न खालापूरच्या ऋतिकशी ठरलं, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. लग्नाच्या दिवशी दुसरं कुठलंही सेंट नको, बाबांचं अत्तर लावणार. ऋतिकची आई वनिताबाई या आधीपासूनच अप्पांच्या दुकानच्या गिऱ्हाईक. त्यांना कळल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या नात्यात सांगून टाकलं की आमची सून अत्तरवाल्याची मुलगी, मांडवात आली की बघा कशी घमघमेल.

जगदीशने नंतर कबूल केलं की ही बातमी ऐकल्यावर तो न्हाणीघरात जाऊन रडला होता. आनंदाने. आपल्या अंगाने तोंड फिरवलं म्हणून काय झालं, लेक तर आपलं अत्तर लावून बोहल्यावर चढणार होती. आयुष्यात माणसाला याहून जास्त काय लागतं?

फाल्गुनात रुचिता सुटी घेऊन आली. वैशाखातली तारीख धरली होती, पत्रिका छापून आल्या होत्या. सकाळी अंघोळ करून तिने पहिल्यांदाच मनगटाला आणि कानामागे अत्तर लावलं, आणि आईबरोबर पत्रिका वाटायला गेली. उन्हातून परत आली तेव्हा रोहिणीचा चेहरा उतरलेला होता. तिने नुसता रुचिताचा हात धरून जगदीशपुढे केला. जगदीशने आयुष्यात लेकीचा हात इतक्या जवळून कधी हुंगला नव्हता. त्याने वास घेतला.

डांबर. करपलेला गूळ. हुबेहूब त्याचाच हात.

तो कुकरच्या भट्टीशेजारी जाऊन बसला. जेवायला उठला नाही. रोहिणी बाहेर आली तेव्हा त्याने मान वर न करता सांगितलं, की रुचिता झाली तेव्हा मी कंपनीत होतो, माझ्या रक्तातून ते तिच्यात गेलं. “माझ्यापुरतं होतं तवर मी काय बोललो का कुणाला? पण पोरीच्या अंगात गेलं गं ते. मी घातलं तिच्या अंगात.” रोहिणी आधी त्याच्यावर चिडली, मग त्याच्या शेजारी बसून तीही रडली. बाजारातून दुसरं अत्तर आणू, कुणाला कळणार आहे, असं ती म्हणाली. जगदीशला ते पटलं. वनिताबाईंना काय सांगायचं हेही त्याने मनाशी जुळवायला घेतलं.

रुचिता हे दारातून ऐकत होती. पोरगी शांत, पण दवाखान्यात रात्रंदिवस माणसं हाताळलेली. ती बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, एकेका माणसाचं अंग वेगळं असतं. कंपनीनंच झालं हे कशावरून? आपल्या रक्ताचं पण कंपनीचं तोंड न बघितलेलं माणूस आणा आणि त्याला लावून बघा. मग रडा.”

आपल्या रक्ताचं, आणि कंपनीचं तोंड न बघितलेलं. तिघांनीही नकळत अंगणापलीकडे बघितलं.

दशरथ अंगणात वाल झोडत होता. वालाच्या शेंगा पसरलेल्या, वर त्याचा दांडका चालू. जगदीश चार पावलं मागे थांबला. हात पुढे कर, एवढंच मागायचं होतं, पण त्याने बाटली रुचिताच्या हातात दिली. रुचिता पुढे झाली. दशरथने आधी नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, कंपनीचं पाणी वगैरे. पण पुतणी लग्नाची होती, महिन्या-दीड महिन्याने घर सोडून जाणार होती, आणि तिला नाही म्हणायची दशरथची छाती नव्हती. पोरीची हौस म्हणून लावतो, असं सगळ्यांना बजावून त्याने दोन्ही मनगटं पुढे केली. रुचिताने लावलं. जगदीशनेही स्वतःच्या मनगटाला लावलं, कितीतरी वर्षांनी.

अत्तराचं असं असतं की पहिल्या घडीला ते सगळ्यांच्या अंगावर गोडच बोलतं. खरं काय ते अंग तापल्यावर कळतं. दशरथला हे ठाऊक नव्हतं. त्याने हात हुंगला, बरा वास आहे की, असं म्हणाला आणि मोठ्या दिमाखात दांडका उचलला. ऊन चांगलं चढलेलं. वाल झोडता झोडता त्याला घाम फुटला. मधूनच तो जगदीशकडे बघून, बघ, चांगल्या अंगावर कसं चांगलं बसतं, अशा अर्थाचं काहीतरी हसे. जगदीश ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात देवाला काय मागावं तेच त्याला कळत नव्हतं. दादाच्या हाताला सुगंध आला तर आपल्या पोरीच्या अंगात कंपनी होती. घाण आली तरच पोरगी सुटत होती. भावाच्या अंगाला घाण यावी म्हणून देवाला हात जोडायची वेळ त्याच्यावर आली होती, आणि त्याने जोडले.

दशरथची बायको चहा घेऊन बाहेर आली. दोन पावलं टाकून थांबली, नाक वर केलं आणि चहाचे कप खाली ठेवून परत आत पळाली. आतून तिचा आवाज आला की चुलीवर काय नाय, मग जळतंय काय? ती परसात बघून आली, गोठ्यात बघून आली. मग हळूहळू वासाच्या मागे मागे येत नवऱ्यापुढे उभी राहिली.

दशरथने आपला हात नाकाशी नेला. त्याचा चेहरा असा झाला की वर्णन करून तो वाया घालवण्यात अर्थ नाही. वालाच्या धुरळ्याने झालं म्हणाला. रुचिताने त्याला साबणाने हात धुवायला लावले आणि कोपरापाशी स्वच्छ जागेवर परत लावलं. या वेळी तो सावलीत बसला, कशाला शिवला नाही. सगळे बसले. चहा गार झाला. आणि थोड्या वेळाने तेच. डांबर आणि करपलेला गूळ. जगदीश पुढे आला, भावाच्या मनगटाशेजारी त्याने आपलं मनगट धरलं, आणि रुचिताने तिसरं. एकाच चुलीवरची तीन भांडी करपावीत तसा तिन्हींना एकच वास होता.

जगदीश भावाच्या इतका जवळ कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याने विचारलं, “दादा, तुला कंच्या कंपनीत ठेवला होता रं?”

मग दशरथची बायको जी हसायला लागली ती वालाच्या शेंगांवरच बसली. रोहिणी हसली, रुचिता हसली. दशरथ तेवढा हसला नाही. त्याची मान खाली गेली होती. त्याच्यासारखी माणसं माफी मागत नाहीत, त्यांना ते जमतच नाही. त्याने नुसता हात परत जगदीशपुढे केला आणि म्हणाला, “घे. नीट बघ. तुझाच हाय.”

जगदीशला त्या दिवशी काय झालं हे शब्दांत सांगायचं तर तो सुटला. पोरगी सुटली आणि तिच्यामागून तोही सुटला. कंपनी त्याच्या अंगात कधी नव्हतीच. कपड्यांना होती, ती त्या वेगळ्या बादलीत कधीच धुऊन गेली होती. उरलं होतं ते अंग आजा-पणजापासून चालत आलेलं, नाकासारखं, हेकेखोरपणासारखं, आणि ते कुणी कुणाच्या अंगात घातलेलं नव्हतं. संध्याकाळी तो रस्त्याच्या मधोमध चालत पारापर्यंत गेला आणि गजाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला. गजाने विचारलं, काय झालं? जगदीश म्हणाला, काय नाय, बसलो.

पुढचे काही दिवस त्या भावकीत जो प्रकार चालला तो जत्रेला लाजवील असा होता. चुलते, चुलत भाऊ, त्यांची पोरं, माहेरी आलेल्या लेकी, सगळ्यांची मनगटं पारखली गेली. घरात लग्न होऊन आलेल्या सुना मोगऱ्यासारख्या दरवळत होत्या आणि घरचे म्हणवणारे एकजात करपत होते. सुनांना इतका आनंद त्या घरात कधीच झाला नव्हता. कुणाचं कमी, कुणाचं जास्त, पण सगळ्यात जबर करपायचा तो दशरथ.

कारण सापडलं ते रोहिणीला. ती म्हणाली, या घराण्याचे हातच तापट. यांच्या पोरींनी विरजण लावलं की दही लगेच आंबतं, लोणी काढायला बसल्या तर ते हातातच वितळतं. थंडीत पोरं यांच्याजवळ झोपायला भांडतात. हे ऐकलं मात्र आणि जगदीशच्या डोक्यात उजेड पडला. भांड्याखालचा जाळ मोठा झाला की हलकं ते आधी उडून जातं आणि तळाला जड काळं राहतं, हे त्याला सांगायला नको होतं. आपल्या घराण्याच्या अंगावर अत्तरातली लिंबाची साल क्षणात उडत होती, धूप तिच्यामागे जात होता आणि तळाशी एकटा ऊद करपत बसत होता. अंग वाईट नव्हतं. जाळ मोठा होता. आणि त्याने आजवर सगळी अत्तरं मंद जाळाच्या माणसांसाठी बनवली होती.

मग त्याने मोठ्या जाळाचं अत्तर बनवायला घेतलं. ऊद जवळजवळ काढूनच टाकला. वाळा वाढवला, कारण वाळा गार आणि चिवट, सहजासहजी जागा सोडत नाही. नागरमोथा वाढवला. जैतूला सांगून डिंकाचे अगदी ताजे, पांढरे खडे आणवले, त्यांत लिंबाच्या सालीचा तो वास जास्त होता. पहिल्या खेपेला ओल्या गोणपाटाचा वास आला. दुसऱ्या खेपेला वासच आला नाही. पारखायला दशरथ रोज सकाळी मनगटं धुऊन हजर असे. आपल्याइतकं तापट अंग दुसऱ्या कुणाचं नाही, हे कळल्यापासून त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. माझ्यावर टिकलं तर जगात कुठंही टिकल, असं तो भेटेल त्याला सांगे. दुपारभर उन्हात राबे, मुद्दाम चुलीपुढे बसे आणि मग हात घेऊन भावाकडे येई. दोघं भाऊ ओसरीवर मनगटाला नाक लावून बसलेले बघून येणारे-जाणारे थबकत.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दशरथ शेतातून आला आणि त्याने हात पुढे केला. जगदीशने वास घेतला. पहाटे शेताच्या बांधावरून देवळाकडे चालत जावं, पायाखालची जमीन ओली असावी आणि देवळात नुकताच धूप घातलेला असावा, असा वास होता तो. दिवसभराच्या घामातून तो वर आला होता. तापट अंगावर तो उडत नव्हता, उलट अंगाच्या उष्म्याने लांबपर्यंत पसरत होता. रोहिणीच्या अंगावरच्या अत्तराला जवळ जावं लागे. हे अंगणापलीकडून कळत होतं. जगदीशने बाटलीतलं अत्तर घेतलं आणि आधी रुचिताच्या मनगटाला लावलं, मग स्वतःच्या. संध्याकाळी तिघांचे हात परत शेजारी शेजारी धरले गेले. या वेळी कुणीच हसलं नाही. दशरथ डोळे पुसत होता आणि वालाचा धुरळा गेला म्हणत होता, जरी वाल कधीच कणगीत भरून झाला होता.

लग्नाला वैशाखाचं ऊन असं तापलं होतं की मांडवातले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. दाराशी वऱ्हाडाला अत्तर लावायला दशरथ उभा राहिला. त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. जुनी पाहुण्यांसाठी आणि नवी भावकीसाठी, आणि कुणाच्या हाताला कुठली लागायची याबद्दल तो कुणाचं ऐकून घेत नव्हता. ऋतिकच्या मामाला नव्या बाटलीचा वास आवडला. त्याने तीच मागितली. दशरथने त्याचा हात हातात घेऊन बघितला, तो चांगला गार होता. “मामा, हे तुमाला नाय चढायचं,” तो म्हणाला. “याला आमचं अंग लागतं.”

रुचिता मांडवात आली आणि उष्म्याने निपचित पडलेला मांडव जागा झाला. माणसं माना वळवून बघायला लागली. त्या उकाड्यात बाकीच्यांची सेंटं कधीच आंबून गेली होती आणि हिचं अत्तर ऊन वाढेल तसं वाढत होतं. अक्षता पडल्या, फोटो निघाले, पंगती उठल्या. जगदीश त्या सगळ्या गर्दीच्या मधोमध घामाने निथळत फिरत होता, ज्याला त्याला मिठी मारत होता, पोरांना कडेवर घेत होता, आणि पोरं त्याच्या खांद्यात नाक खुपसत होती.

निघायची वेळ झाली तेव्हा वनिताबाईंनी सुनेला जवळ घेतलं आणि सोडायच्या आधी थोड्या थांबल्या. त्यांनी सकाळी हौसेने दशरथच्या नकळत नवी बाटली स्वतःच्या हातावर उपडी केली होती आणि त्यांच्या गार हाताला दिवसभर ओल्या गोणपाटाचा वास येत होता. त्यांनी आपलं मनगट हुंगलं, मग रुचिताचं. मग त्या जगदीशजवळ आल्या आणि नवल वाटल्यासारख्या त्याच्याही जवळ एक श्वास घेऊन बघितला.

“हा बाटलीतला वास नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हा तुमच्या घरचा आहे. आमच्याकडं असा वास नव्हता. आता तो आमच्या घरात येतोय.”

जगदीशला हुंदका आवरेना. सगळ्यांदेखत रडला तो. मग वनिताबाईंनी विचारलं की बाटली संपली की नवी अप्पांच्या दुकानातून न्यायची का?

“दुकानातून कशाला?” जगदीश म्हणाला. “मी स्वतः घेऊन येईन, ताई. आणि आलो की चांगला दोन दिवस राहीन.”